मतं तीच, रेषा वेगळी

या वेळी मतदारसंघांच्या सीमांबद्दल तीन पत्रं आली आहेत. माझी तीस वर्षं नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे हा विषय मला पुस्तकातून नाही, हातातून कळलेला आहे. पहिलं पत्र बारावीतल्या एका मुलीचं आहे. त्याला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण तिने जे विचारलंय ते मोठ्या माणसांच्याही मनात असतं, फक्त ती विचारत नाहीत.

प्रश्न : राज्यशास्त्राच्या तासाला मतदारसंघांची पुनर्रचना हा भाग पाच मिनिटांत उरकला. मला कळत नाही, यात एवढं काय आहे? रेषा इकडून गेली काय नि तिकडून गेली काय, माणसं तीच, त्यांची मतं तीच. मग निकाल कसा बदलेल?

उत्तर : तू म्हणतेस ते ऐकायला बरोबर वाटतं, आणि ते बरोबर वाटतं म्हणूनच हे काम बिनबोभाट उरकता येतं. आधी एक करून बघ. कॅरमच्या नऊ काळ्या आणि सहा पांढऱ्या सोंगट्या घे. पाच-पाचच्या तीन ओळी मांड. वरच्या दोन ओळींत डावीकडे तीन-तीन पांढऱ्या आणि उजवीकडे दोन-दोन काळ्या. तिसरी ओळ सगळी काळी. एक सोंगटी म्हणजे एक मतदार आणि तीन सोंगट्या मिळून एक मतदारसंघ. म्हणजे जागा झाल्या पाच.

आता खडूने उभ्या रेषा मार. प्रत्येक उभी रांग हा एक मतदारसंघ. डावीकडच्या तिन्ही रांगांत दोन पांढऱ्या आणि एक काळी, म्हणजे त्या तिन्ही जागा पांढऱ्यांच्या. उजवीकडच्या दोन रांगा निव्वळ काळ्या. निकाल : पांढऱ्यांना तीन जागा, काळ्यांना दोन. पंधरातली सहाच मतं ज्यांच्याकडे होती ते सत्तेवर बसले.

रेषा पूस. उजवीकडच्या दोन रांगा तशाच उभ्या राहू दे. डावीकडच्या नऊ सोंगट्या मात्र आडव्या रेषांनी वेगळ्या कर. वरच्या तीन पांढऱ्या, मधल्या तीन पांढऱ्या, खालच्या तीन काळ्या. आता काळ्यांच्या तीन जागा आणि पांढऱ्यांच्या दोन. सोंगटी एकही हलली नाही, रंग एकीचाही बदलला नाही.

पहिल्या मांडणीत काळ्यांचं काय झालं ते जरा जवळून बघ. उजवीकडच्या प्रत्येक रांगेत जिंकायला दोन पुरे होत्या, तिथे तीन-तीन कोंबल्या. दोन मतं जास्तीची गेली. उरलेल्या तिघी डावीकडे एकेकट्या पडल्या, हरायलाच. म्हणजे नऊपैकी पाच मतं वाया. पांढऱ्यांचं वाया गेलेलं मत मोजून बघ, एकही सापडणार नाही. सगळी करामत एवढीच : समोरच्याची माणसं एक तर एका जागी कोंबायची, नाही तर थोडी थोडी सगळीकडे विखुरायची. मत टाकण्याचा हक्क कोणाचाही काढून घ्यावा लागत नाही.

सोंगट्यांचा खेळ तुला पटेल, पण खरोखरीच्या गावात असं होतं का, असं तू विचारशील. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराचं उदाहरण मला कायम आठवतं, कारण त्याचे आकडे सरकारनेच नेमलेल्या कॅमेरॉन आयोगाच्या अहवालात छापलेले आहेत. साल १९६७. नगरपालिकेचे मतदार : कॅथलिक १४,४२९ आणि इतर, म्हणजे मुख्यतः प्रॉटेस्टंट, ८,७८१. तिथलं मतदान जवळपास याच भेगेवरून दुभंगायचं. १०० मतदारांत ६२ कॅथलिक. आणि वीस नगरसेवकांपैकी १२ युनियनवादी, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या बाजूचे. दर निवडणुकीला, न चुकता.

शहराचे वॉर्ड होते तीन, आणि वॉर्डात ज्यांचं बहुमत त्यांच्याच पदरात तिथल्या सगळ्या जागा पडायच्या. साउथ वॉर्डात १०,०४७ कॅथलिक आणि १,१३८ इतर; जागा आठ. नॉर्थ वॉर्डात २,५३० कॅथलिक आणि ३,९४६ इतर. जागा पुन्हा आठ. वॉटरसाइडमध्ये १,८५२ कॅथलिक आणि ३,६९७ इतर, जागा चार. कागद-पेन्सिल घेऊन बस आणि हे आकडे स्वतः मांडून बघ. दहा हजार माणसं एका वॉर्डात कोंबली आणि त्यांना आठ जागांवर थांबवलं. उरलेली साडेचार हजारांच्या आसपास दोन वॉर्डांत अशी वाटली की दोन्हीकडे ती कमीच पडावीत. त्यावर आणखी एक मेख मारलेली होती. साउथमध्ये सुमारे १,४०० मतदारांमागे एक नगरसेवक, तर नॉर्थमध्ये सुमारे ८१० मतदारांमागे एक.

इथपर्यंत ही फक्त आकडेमोड वाटेल. पुढे काय झालं ते मात्र मला आकड्यांपेक्षा जास्त छळतं. त्या काळी तिथे नगरपालिकेचं मत घराशी बांधलेलं होतं. घराचा ताबा ज्याच्याकडे, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला मत. आईबापांकडे राहणारी सज्ञान मुलं, पोटभाडेकरू, यांना मत नाही. आणि घरं बांधणार कोण, वाटणार कोण? तीच नगरपालिका. मग नॉर्थ किंवा वॉटरसाइडमध्ये एखाद्या कॅथलिक कुटुंबाला घर देणं म्हणजे त्या वॉर्डाचं गणित बिघडवणं झालं. म्हणून घरं दिली जायची ती साउथमध्ये, आणि साउथमध्ये जागा संपली की दिलीच जायची नाहीत. मतांसाठी कागदावर मारलेली रेषा अशी खाली उतरत उतरत लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. एका खोलीत दोन-दोन संसार राहिले, कारण तिसऱ्या कोणाला तरी एक वॉर्ड हातचा जाऊ द्यायचा नव्हता. ५ ऑक्टोबर १९६८ ला याच रागातून तिथे मोर्चा निघाला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, ते दृश्य टीव्हीवरून सगळीकडे गेलं. त्याच नोव्हेंबरात ती नगरपालिका बरखास्त करायचं जाहीर झालं. पुढची तीस वर्षं त्या प्रदेशाने जो रक्तपात पाहिला त्याला कारणं पुष्कळ होती. पण सुरुवातीच्या रागात या तीन वॉर्डांचा वाटा नक्की होता.

आता तुझं वाक्य पुन्हा वाच : ‘माणसं तीच, त्यांची मतं तीच.’ खरंच आहे. बदललं ते एवढंच, की त्या माणसांकडे मत मागायला जायची कोणाला गरज उरली नाही. माझ्या मते रेषेचं खरं नुकसान हे आहे. जिथे निकाल आधीच ठरलेला असतो तिथे निवडून येणाऱ्याला मतदाराची भीती नसते. त्याला भीती असते ती तिकीट देणाऱ्याची. मग तो तुझं ऐकणार की त्याचं?

एक माझी आठवण सांगतो. नोकरीत नवा होतो, तेव्हा शाईच्या पेनाने ट्रेसिंगवर रेषा ओढायचो आणि ती एकसारखी, न थरथरता आली की खूश व्हायचो. एकदा एका प्रशासकीय हद्दीची रेषा काढून झाली, तर शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भिंग माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, ‘या रेषेखाली कोण राहतं?’ मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी हिशेब करून दाखवला. नकाशाचं प्रमाण एकास पन्नास हजार. रेषेची जाडी अर्धा मिलिमीटर. म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. त्या पंचवीस मीटरच्या पट्ट्यात आख्खी आळी मावते. ‘तू रेषा मारलीस, पण ही घरं कुठल्या बाजूला गेली ते तू ठरवलं नाहीस. ते आता दुसरंच कोणी तरी ठरवणार.’ त्या दिवसानंतर मी कुठलीही हद्द भिंगाखाली घातल्याशिवाय पुढे पाठवली नाही. म्हणून तुलाही सांगतो, पाच मिनिटांत उरकण्याचा हा धडा नाही. तुझ्या शिक्षकांना त्या पंधरा सोंगट्या दाखव.

प्रश्न : वर्तमानपत्रात अमेरिकेतले मतदारसंघांचे नकाशे पाहिले. काही इतके वेडेवाकडे की हसावं की रडावं कळेना. आकार वाकडा दिसला की लबाडी झाली असं समजायचं का? आणि तिथली न्यायालयं हे कसं चालू देतात?

उत्तर : आकारावरून संशय घ्यायला हरकत नाही, पण निवाडा करू नका. या लबाडीला तिकडे जे नाव पडलं तेच मुळी आकारावरून. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्याच्या सेनेटच्या नव्या मतदारसंघांवर सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका लांबुळका आणि वळणाचा होता की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नख्या काढून सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा प्राणी, केला आणि गेरींचं नाव जोडून ‘गेरीमँडर’ म्हणून छापला. चित्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं, निकाल मात्र विस्मरणात गेला. तो असा : फेडरलिस्टांना ५१,७६६ मतं, जागा ११. गेरींच्या पक्षाला ५०,१६४ मतं, जागा २९.

आकारावर अगदी उघड पकडता येईल असं उदाहरण म्हणजे अलाबामा राज्यातलं टस्कीगी. गावाची हद्द चौकोनी होती. १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती बदलून २८ बाजूंची केली. हद्दीत साधारण चारशे कृष्णवर्णीय मतदार होते, त्यातले चार-पाचच आत उरले. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. तिथल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लोक घरातून हलले नव्हते, गावच त्यांच्या अंगणातून उठून गेलं होतं.

पण याच्या उलटही होतं. शिकागोत इलिनॉयचा चौथा मतदारसंघ बराच काळ कानावर घालायच्या लोकरी पट्ट्यासारखा दिसायचा. दोन टोकांना दोन वस्त्या आणि मधे हायवेची बारीक दोरी. तो तसा काढला होता तो लॅटिनो वस्त्यांना एकत्र आणून त्यांना स्वतःचा एक प्रतिनिधी निवडता यावा म्हणून. आकार हास्यास्पद, हेतू समजण्यासारखा.

आणि नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो इथे काय झालं? तिथे कृष्णवर्णीयांचं एक मोठं, जुनं विद्यापीठ आहे. २०१६ च्या नकाशात मतदारसंघाची हद्द एका साध्या रस्त्यावरून गेली, लॉरेल स्ट्रीट त्याचं नाव. नकाशावर बघाल तर त्यात काही वावगं दिसणार नाही. पण तो रस्ता विद्यापीठाच्या आवारातून जातो. एका बाजूचे विद्यार्थी सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या बाजूचे तेराव्यात. वसतिगृहातून वर्गात जाताना मुलं मतदारसंघ ओलांडायची. एकत्र राहिली असती तर कोणाला तरी त्यांची दखल घ्यावी लागली असती. दोन तुकडे झाल्यावर दोन्हीकडे ती कोणाच्या हिशेबातच नव्हती. मला विचाराल तर लबाड रेषा ही. वाकडी नाही, गाजावाजा नाही, एका रस्त्यावरून सरळ गेलेली.

त्या राज्यात मतं जवळपास निम्मी-निम्मी. जागा तेव्हा १३. नकाशा करणाऱ्या समितीच्या एका नेत्याने विधिमंडळात उघडपणे सांगितलं, की नकाशा आमच्या पक्षाला दहा आणि त्यांना तीन जागा मिळतील असा करू, कारण अकरा-दोन जमेल असं मला वाटत नाही. हे लपवलं का नाही? कारण वंशावरून रेषा मारली तर न्यायालय आडवं येतं. पक्षावरून मारली असं सांगितलं तर सुटका होण्याची शक्यता जास्त. झालंही तसंच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की अशा नकाशांचा निकाल अन्याय्य वाटू शकतो, पण पक्षीय फायदा किती म्हणजे अति हे मोजायचं माप केंद्रीय न्यायालयांकडे नाही. मला हा निकाल पटलेला नाही. माप अवघड आहे म्हणून वजनकाटाच उचलून ठेवावा, हे न्यायाला शोभत नाही. पुढे राज्याच्या न्यायालयाने हात घातल्यावर त्याच वर्षी नकाशा बदलावा लागला आणि विद्यापीठ पुन्हा एका मतदारसंघात आलं. पण २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही असे खटले ऐकण्याचं दार बंद केलं.

प्रश्न : रेषा हलवली की लबाडी होते, तर मग हलवूच नये. एकदा आखली की कायम. यात चुकतं कुठे?

उत्तर : चुकतं ते असं, की रेषा जागेवर राहते पण माणसं राहत नाहीत. इंग्लंडमध्ये ओल्ड सेरम नावाची एक टेकडी होती. कधी काळी तिथे गाव होतं, ते उठून गेलं. तरी १८३२ पर्यंत ती टेकडी संसदेत दोन सदस्य पाठवत राहिली, जमिनीचा मालक सांगेल ते. त्याच वेळी गिरण्यांनी भरलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही सदस्य नव्हता. कोणी रेषा हलवली नव्हती, तरी सगळी सत्ता हलली होती. अमेरिकेत टेनेसीच्या घटनेत दर दहा वर्षांनी पुनर्रचना करा असं लिहिलेलं असूनही १९०१ नंतर साठ वर्षं कोणी केली नाही. ज्यांना जुन्या रेषांनी निवडून दिलं होतं, तेच रेषा बदलायला बसणार होते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात लक्ष घालायची तयारी दाखवली तेव्हा कोंडी फुटली.

आपल्याकडचं गोठवणं वेगळ्या कारणाने झालं, हे मान्य करायला हवं. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांच्या जागा कमी होऊन त्यांना शिक्षा होऊ नये, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर थांबवल्या आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. राज्याराज्यांमधल्या वाटणीपुरता हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. प्रत्येक मताची किंमत सारखी असावी हेही तितकंच वजनदार आहे, आणि या दोन्हींचा मेळ नुसत्या भागाकाराने बसणार नाही. पण राज्याच्या आतल्या रेषाही २००८ पर्यंत १९७१ च्याच आकड्यांवर राहिल्या, त्याचं समर्थन मला करता येत नाही. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत बाह्य दिल्ली मतदारसंघात तीस लाखांहून जास्त मतदार होते. त्याच शहरातल्या चांदनी चौकात त्याच्या पाचव्या हिश्शाएवढेही नव्हते. कामासाठी शहराच्या कडेला येऊन राहिलेल्या माणसाचं मत असं पातळ होत गेलं, आणि त्याच्या वस्तीत नळ नाही म्हणून ओरडायला माणूसही एकच.

तेव्हा रेषा हलायलाच हवी. प्रश्न आहे तो पेन कोणाच्या हातात आणि टेबलावर कोणते कागद, हा. मतदारसंघांच्या रेषा आखणाऱ्या आपल्या परिसीमन आयोगाची एक गोष्ट मला मनापासून आवडते : अध्यक्ष न्यायाधीश, सोबत निवडणूक आयोगाचे लोक, आणि प्रत्येक राज्यातले खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मत नाही. अमेरिकेत आयोवा राज्याने १९८० पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे नकाशा विधिमंडळाचा कर्मचारीवर्ग काढतो, आणि त्यांना कायद्यानेच काही गोष्टी बघायला मनाई आहे, त्यात येतात मतदाराची पक्षनोंदणी, मागच्या निवडणुकांचे निकाल आणि सध्याच्या सदस्यांच्या घरांचे पत्ते. नकाशा काढणारा म्हणून सांगतो, या मनाईचं मोल फार आहे. आम्ही जे बघतो त्याने आमचा हात वळतो, आम्हाला कळो वा न कळो.

नवा आराखडा हरकतींसाठी जाहीर होतो तेव्हा बहुतेक लोक फक्त नकाशाचं चित्र बघतात. तुम्ही त्याच्या खालची हद्दीची वर्णनं वाचा : अमुक नाल्यापासून पूर्वेला, अमुक रस्त्याच्या मध्यापर्यंत, तिथून उत्तरेला. पेन्सिलने ती ओळीओळीने उतरवून काढा. जिथे नाला, रेल्वे, मोठा रस्ता असं काही नसताना रेषा एकाएकी वळते, तिथे पेन्सिल थांबवा आणि त्या वळणाच्या आत कोण राहतं ते जाऊन बघा. मग हरकत लिहा, मुदत संपायच्या आत.